शिवोलीचा एकल स्वर

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आमच्या धर्मग्रामांत गाणारे तरुण पुष्कळ. स्वतःचे गीत रचणारे विरळा. 'साधने नाहीत' ही त्यांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. म्हणूनच रेमो फर्नांडिस यांच्या 'गोवन क्रेझी' (१९८४) या ध्वनिफितीचे स्मरण अगत्याचे वाटते.

मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्र शिकलेल्या या गोवेकराने ती बार्देशातील शिवोलीला, राहत्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. शब्द, चाली, सर्व वाद्ये, सर्व आवाज त्यांचेच. वेष्टन त्यांनीच रेखाटले, कॅसेटी स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या. चारच ट्रॅक असले की आधीचे आवाज एकत्र करून नव्यांना जागा द्यावी लागते, आणि दर वेळी थोडी स्पष्टता हरवते. तरीही ही फीत दरिद्री वाटत नाही, कारण काय सांगायचे ते गायकाला ठाऊक आहे. रॉकचा ठेका परका असला तरी बोलणे गोव्याविषयीच आहे, मायेचे आणि थट्टेचेही.

उणिवाही जाणवतात. एकाच कंठातून निघालेल्या अनेक आवाजांना गायकवृंदाची ऊब येत नाही. दुसऱ्याच्या श्वासासाठी थांबणे तेथे नसते. शिवाय इंग्रजी शब्दांमुळे घरातील वडीलधारे दूर राहतात.

ती ऊब आमच्या गायकवृंदांपाशी आहे, मायबोलीही आहे. रेमोंकडून धाडस तेवढे घ्यावे. स्टुडिओची वाट न पाहता आपल्या खाडीचे, आपल्या लोकलच्या गर्दीचे गीत आपणच रचावे.