बोनहोफर यांचे नीतिचिंतन : दोन ग्रंथांचे सहवाचन

ख्रिस्ती ईश्वरविज्ञान व नीतिशास्त्र यांच्या अभ्यासासाठी सुचविल्या जाणाऱ्या ग्रंथांत जर्मन ल्यूथरन विचारवंत डिट्रिश बोनहोफर (१९०६-१९४५) यांच्या 'नाखफोल्ग' (१९३७) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. तथापि हा ग्रंथ एकटा वाचल्यास त्यांचे नीतिचिंतन अर्धेच हाती येते. 'एथिक' (१९४९) या मरणोत्तर ग्रंथासह त्याचे वाचन होणे आवश्यक आहे.

'नाखफोल्ग' म्हणजे अनुसरण. फिंकनवाल्ड येथे भावी धर्मोपदेशकांना शिकवीत असताना (१९३५-३७) या ग्रंथाची जडणघडण झाली. पश्चात्ताप व आज्ञापालन यांवाचून गृहीत धरलेली क्षमा ही 'स्वस्त कृपा' होय, अशी टीका बोनहोफर करतात. डोंगरावरील प्रवचनाचे विवरण हा ग्रंथाचा गाभा आहे. ख्रिस्ताची आज्ञा व तिचे साधे, तत्काळ पालन हाच येथे नैतिक मार्ग ठरतो.

'एथिक'मधील प्रकरणे १९४० ते १९४३ या काळातील आहेत. बोनहोफर तेव्हा हिटलरविरोधी कटात सामील झाले होते. एप्रिल १९४३ मधील अटकेमुळे लेखन अपुरे राहिले. पुढे त्यांचे मित्र एबरहार्ड बेथगे यांनी ते संपादित केले. येथे प्रश्नाचे स्वरूप बदलते. स्वतःचे निर्दोषत्व जपणे हेच नैतिक ध्येय मानावे काय? जबाबदार व्यक्तीस इतरांसाठी दोषही पत्करावा लागतो, असे बोनहोफर यांचे उत्तर आहे. मात्र या दोषाचे ते समर्थन करीत नाहीत. दोष हा दोषच राहतो आणि कर्ता ईश्वरी क्षमेवर विसंबतो.

ही भूमिका धोक्यापासून मुक्त नाही. जबाबदारीच्या नावाखाली कोणीही हिंसेची मोकळीक मागू शकेल आणि त्यास अडविणारा नियमबद्ध निकष 'एथिक'मध्ये मिळत नाही. ही उणीव 'नाखफोल्ग' काही अंशी भरून काढतो. कारण कृतीची किंमत कर्त्याने स्वतः मोजावी, ही त्याची अट आहे. उलटपक्षी, 'नाखफोल्ग'मधील वैयक्तिक पावित्र्याचा आग्रह 'एथिक'मुळे इतरांच्या दुःखाकडे वळतो.

हिटलरच्या हत्येचा प्रयत्न फसल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २१ जुलै १९४४ रोजी, बेथगे यांना तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात बोनहोफर यांनी आपल्या पूर्वीच्या ग्रंथातील धोके मान्य केले. परंतु त्यातील विचार सोडला नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आली. आज्ञापालन व जबाबदारी यांतील ताण त्यांनी सोडविला नाही, तो स्वीकारला. म्हणूनच वाचनसूचीत हे दोन्ही ग्रंथ एकत्र असणे हेच अभ्यासाच्या दृष्टीने न्याय्य ठरेल.