‘आडुजीवितम्’ आणि परदेशची चाकरी

परदेशीं चाकरीला गेलेल्या माणसाचें घरीं येणारें पत्र हा आमच्या समाजांतील एक अत्यंत अविश्वसनीय असा वाङ्मयप्रकार आहे. लिहिणारा खोटें लिहितो आणि वाचणाराला तें खोटेंच हवें असतें. कारण घर शाकारावयाचें असतें, बहिणीचें लग्न ठरलेलें असतें आणि व्हिसासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज चालूं असतें. बेन्यामिन या मल्याळी लेखकाची ‘आडुजीवितम्’ ही २००८ सालीं निघालेली कादंबरी या पत्रांमागें काय दडलेलें असतें तें दाखविते. नांवाचा अर्थ ‘शेळीचें जिणें’. आम्हांस मल्याळम् येत नाहीं. जोसेफ कोयिपळ्ळी यांच्या २०१२ सालच्या इंग्रजी भाषांतरावरून आम्ही लिहीत आहों, तेव्हां मूळच्या भाषाशैलीविषयीं बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं.

नदींतली वाळू उपसून पोट भरणारा नजीब गरोदर बायकोला मागें ठेवून मुंबईमार्गें रियाधला जातो. विमानतळावर एक ‘अरबाब’, म्हणजे धनी, त्याला गाडींत घालून नेतो तो थेट वाळवंटांतील शेळ्यांच्या वाड्यावर. तेथें पाणी आहे तें शेळ्यांसाठीं. माणसाच्या स्नानासाठीं नव्हे. कोरडा खुबूस हें अन्न, वाळू हें अंथरूण, आणि बोलावें तर दोघांना समजेल अशी भाषा नाहीं. मग नजीब शेळ्यांना गांवच्या माणसांचीं नांवें देऊं लागतो. होणाऱ्या मुलासाठीं मनांत योजिलेलें ‘नबील’ हें नांव तो एका नवजात बोकडाला देतो, आणि पुढें धनी त्या बोकडाला खच्ची करतो. दुसऱ्या एखाद्या लेखकानें येथें दोन पानें आक्रोश घातला असता. बेन्यामिन थोडक्यांत सांगून पुढें सरकतात, आणि वाचक मात्र मागेंच राहतो. सबंध पुस्तकांत याहून सरस स्थळ आम्हांस आढळलें नाहीं.

आमचें गाऱ्हाणें पुढच्या भागाविषयीं आहे. नजीब आपल्या हालांचा सारा भार अल्लावर टाकतो. त्याच्या स्वभावाला तें शोभतें. पण लेखकहि हळूहळू त्याच वाटेनें जाऊं लागतो. पलायनाच्या प्रसंगीं इब्राहिम खादिरी नांवाचा सोमाली वाटाड्या एखाद्या प्रेषितासारखा येतो आणि तसाच नाहींसा होतो. वाचक चमत्कारांत गुंततो, आणि या माणसाला येथें कोणी व कोणत्या बळावर डांबून ठेविलें हा प्रश्न बाजूला पडतो. ब्लेसी यांच्या २०२४ सालच्या बोलपटाविषयीं जी चर्चा झाली, तीत तर नटानें किती वजन उतरविलें याचाच बोलबाला अधिक. नजीबच्या बुडालेल्या मजुरीविषयीं कोणीं चार ओळी लिहिल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं.

परंतु शेवटीं एक प्रसंग असा आहे कीं, त्यासाठीं मागचे सारे दोष आम्ही माफ करावयास तयार आहों. नजीब स्वतः होऊन पोलिसांच्या हातीं सांपडतो. पळालेल्या नोकरांना ओळखून परत नेण्यासाठीं धनी तुरुंगांत येतात. त्याचा अरबाबहि येतो, त्याच्यासमोर उभा राहतो, आणि तसाच निघून जातो. मागाहून कळतें तें असें, कीं हा माणूस आपल्या व्हिसावर आलेला नाहीं. असता तर फरफटत वाड्यावर नेला असता, असें तो म्हणाला. विमानतळावर अरबाबानें दुसऱ्याचाच माणूस उचलून नेला होता. कोणी म्हणेल कीं मग ही एका अपहरणाची गोष्ट झाली, हिच्यावरून सर्व व्यवस्थेस बोल लावणें योग्य नव्हे. आम्हांस नेमकें उलट वाटतें. कागद चुकीचा होता म्हणून नजीब वांचला. कागद बरोबर असता तर कायद्यानेंच त्याला अरबाबाच्या हवालीं केलें असतें. आखाती देशांतील ‘कफाला’ पद्धतींत परक्या मजुराचें तेथील वास्तव्य एका धन्याच्या नांवाशीं जखडलेलें असे. त्याला न विचारतां काम सोडणारा फरारी ठरे. या पद्धतीवर कितीहि अहवाल वाचले तरी तिचें मर्म जें कळणार नाहीं, तें या अरबाबाच्या एका बोलण्यांत कळतें.

येथें आम्हांस गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण होते. १९१० सालीं त्यांनीं नाताळकडील गिरमिट्यांची भरती थांबविण्याचा ठराव वरिष्ठ कायदेकौन्सिलांत मांडला व तो मान्य झाला. १९१२ सालीं ही पद्धतच समूळ बंद करावी असा ठराव त्यांनीं आणला, तो मात्र फेटाळला गेला. करार मोडला तर फौजदारी शिक्षा होते हें त्या अडाणी मजुराला आधीं सांगितलेलेंच नसतें, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. गिरमिट्याला निदान पांच वर्षांची मुदत तरी होती. नजीबला मुदतहि नाहीं. किती वर्षें लोटलीं हें त्याला सुटल्यावर कळतें.

सौदी सरकारनें २०२१ सालीं नियम सैल करून कांहीं मजुरांना धनी बदलण्याची व धन्याच्या परवानगीवांचून देशाबाहेर जाण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकींतून घरगडी, खासगी गाडीवान, माळी, शेतमजूर आणि गुराखी वगळण्यांत आले होते. म्हणजे नजीब वगळला गेला होता! कादंबरी निघून तोंवर तेरा वर्षें झालीं होतीं.

शेवटच्या पानावर परत पाठविण्याच्या लोकांना विमानाकडे हांकून नेतात, आणि तो कळप पाहून नजीबला आपण शेळीच असल्याचें वाटतें. या उपमेचें कौतुक सर्वांनीं केलें आहे, आम्हीहि करतों. मात्र तीन वर्षांहून अधिक काळच्या मजुरीचा हिशेब त्या विमानतळावर एकहि अधिकारी विचारीत नाहीं, नजीब विचारीत नाहीं, आणि लेखकहि विचारीत नाहीं.