आयुक्तांना प्रश्न कोण विचारणार?

आज समोर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बरेच जण दिसतायत, म्हणून थेट तुमच्याशीच बोलतो.

राज्यसेवेतून नगरपरिषदेचं मुख्याधिकारी व्हायचं, पुढे महापालिकेत उपायुक्त. ही वाट चांगलीच आहे. पण मार्गदर्शनाच्या वर्गांत या पदाचं चित्र कसं रंगवतात बघा: गाडी, सही आणि अतिक्रमणावर चाललेला जेसीबी. नगरसेवक या चित्रात नसतोच; असला तर अडथळा म्हणून. माझा आक्षेप इथे आहे.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १८६५च्या कायद्यानं कारभाराची सूत्रं आयुक्ताच्या हाती गेली. आर्थर क्रॉफर्ड पहिले आयुक्त. माणूस धडाडीचा. आजची महात्मा फुले मंडई त्यांच्याच काळातली. पण खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ साली करदाते खवळून उठले. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी काय भूमिका घेतली? क्रॉफर्डना सुळावर चढवू नका, दोष व्यवस्थेत आहे. अधिकारी कर्तबगारच हवा, पण त्याला जाब विचारणारी निवडून आलेली सभा हवी. १८७२ साली नवा कायदा आला. ६४ सदस्यांची महापालिका झाली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले.

आता दीडशे वर्षं पुढे या. मार्च २०२२मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, आयुक्तच प्रशासक झाले. साडेतीन वर्षांहून जास्त काळ अर्थसंकल्प तयार करणारं आणि त्याला मंजुरी देणारं कार्यालय एकच होतं. अनेक नगरपरिषदांतही हेच झालं. क्रॉफर्डच्या काळात निदान करदाते तरी खवळले होते. आपल्यापैकी बरेच जण म्हणाले, 'बरं झालं, कटकट गेली!'

टक्केवारी, ठेकेदारी मला माहीत नाही असं नाही. पण कुठल्या गल्लीत नळाला रात्री दोन वाजता पाणी येतं, हे आधी नगरसेवकालाच कळतं. कारण लोक त्याचं दार वाजवतात. अधिकाऱ्याची बदली होते. नगरसेवकाला त्याच गल्लीत राहायचं असतं, पुन्हा मतं मागायची असतात. तो वाईट निघाला तर मतदार त्याला घरी बसवू शकतात. प्रशासकाला कोण बसवणार?

म्हणून या वाटेनं जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. रुजू झाल्यावर आधीच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागवा आणि कुठले प्रश्न वर्षानुवर्षं तेच विचारले जातायत ते बघा. तुमचं काम तिथे आहे. आणि ज्या दिवशी सभेत तुम्हाला कुणी प्रश्नच विचारणार नाही, त्या दिवशी खूश होऊ नका.