चेहरा नसलेला फोटो

थॉमस मानची ‘द मॅजिक माउंटन’ (1924) वाचायला घेतली तेव्हा मित्राने बजावलं होतं, “दोनशे पानं काही घडत नाही.” घडतं की! दावोसच्या क्षयरुग्णालयात मावसभावाला भेटायला आलेला हान्स कास्टॉर्प तिथेच रुग्ण होऊन बसतो. एक्स-रेच्या खोलीत चमकत्या पडद्यामागे हात धरतो, तर आजोबांची अंगठी बोटाच्या हाडाभोवती काळी, सैल लटकलेली. जिवंतपणी स्वतःचा सांगाडा बघणं मानने जबरदस्त लिहिलंय.

मला मात्र पुढची काच जास्त छळते. ज्या क्लावदियावर त्याचा जीव जडलाय ती निघून जाते आणि त्याच्याकडे उरतो तिच्या छातीचा काचेवरचा एक्स-रे. फासळ्या, हृदयाची सावली; चेहरा नाही. पडद्यावरचं चित्र वीज बंद होताच मरतं, काचेवरचं राहतं. काचेवर जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. किरण पडले की कणात चांदीचे मोजकेच अणू तयार होतात, डोळ्यांना काही दिसत नाही. डेव्हलपर तेवढ्या खुणेवरून अख्खा कण काळ्या चांदीत बदलतो आणि फिक्सर उरलेलं ब्रोमाइड विरघळवून टाकतो. म्हणजे मूळ काचेवर काळं ते तिच्यातून पार गेलेलं. हाडं पांढरी, कारण तिथे फारसं काही पोचलंच नाही. हान्स नेमका या न पोचलेल्यावर भाळलाय.

इथे मानबद्दल माझी तक्रार आहे. ठिणग्या, कडकडाट, अंधार यांना तो ऐसपैस जागा देतो. तांबड्या दिव्याखालच्या रसायनाला हात आखडता. शिवाय जवळ बाळगण्याएवढी काच म्हणजे मोठ्या मूळ काचेवरून काढलेली प्रत असणार. तो प्रतीवर प्रेम करतोय, हे तर मला जास्तच करुण वाटतं.

पुस्तक आलं तोवर काच मागे पडत होती. 1918 मध्ये ईस्टमन कोडॅकने दोन्ही बाजूंनी लेप दिलेली एक्स-रे फिल्म आणली. आज मी कामावर डायकॉम फाइल्स हाताळतो; एका टॅगची व्हॅल्यू बदलली की पांढऱ्याचं काळं.

आजी जाऊन चार वर्षं झाली. तिच्या मोडलेल्या मनगटाची फिल्म कपाटात होती. हात सुजल्यामुळे न निघालेली पाटली त्यात पांढरीशुभ्र दिसते. गेल्या दिवाळीत भंगारवाला चांदीसाठी जुन्या फिल्म मागत होता. बाकीचा गठ्ठा दिला. ही आईने आधीच काढून ठेवली होती.