१८ तारखेला काय झालं? : ‘नो एंड इन साइट’ पाहताना

आपल्या मंडळात सहसा जुनी देवळं, मोडी कागद, देवड्या, शिलालेख यांवर लेख वाचले जातात. त्यामुळे इराकवरच्या एका अमेरिकन माहितीपटावर लिहितोय म्हटल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, “हे आपल्या काय कामाचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्या घरातल्या एका जुन्या कॅसेटमध्ये आहे. पण आधी माहितीपटाबद्दल.

‘नो एंड इन साइट’ २००७ साली आला. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकनही. दिग्दर्शक चार्ल्स फर्ग्युसन याचा हा पहिलाच माहितीपट. हा मूळचा राज्यशास्त्राचा अभ्यासक. मधल्या काळात त्याने सॉफ्टवेअरची कंपनी काढली, ती मायक्रोसॉफ्टला विकली आणि मग स्वतःच्या पैशातून हे काम हाती घेतलं. त्याचा हा अभ्यासकी पिंड सगळीकडे दिसतो. इथे आरडाओरडा नाही, दिग्दर्शक स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन मिरवत नाही. तारीख, हुकूम, सही, आणि त्या खोलीत कोण होतं, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

इराकवर हल्ला करावा की नाही, हा या माहितीपटाचा विषय नाही. बगदाद पडलं ९ एप्रिल २००३ ला. १० एप्रिलला काय करायचं ते कोणी ठरवलं होतं, हा विषय आहे. आणि उत्तर असं की ज्यांनी थोडंफार ठरवलं होतं त्यांना बाजूला बसवलं गेलं. परराष्ट्र खात्याने ‘फ्यूचर ऑफ इराक’ नावाच्या प्रकल्पात कित्येक खंड भरतील इतकं काम करून ठेवलं होतं. ते धूळ खात पडलं. युद्धानंतरचा कारभार संरक्षण खात्याकडे सोपवण्याचा आदेश निघाला २० जानेवारी २००३ ला, म्हणजे हल्ल्याच्या अवघे दोन महिने आधी. निवृत्त जनरल जे गार्नर यांनी त्या दोन महिन्यांत माणसं गोळा करून कार्यालय उभं करायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्याची तयारी दोन-तीन वर्षं आधी सुरू झाली होती, ही तुलना माहितीपट करतो आणि ती झोंबते. लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी फेब्रुवारीत सिनेटपुढे सांगितलं होतं की ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी तो अंदाज जाहीरपणे झटकून टाकला.

आपल्यासारख्यांना सगळ्यात जास्त लागतो तो लुटीचा भाग. बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या. पुढे बऱ्याच परत आल्या, बऱ्याच नाही. राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागाराला आग लागली. ऑटोमन काळापासूनचे दप्तर त्यात होते. कोणत्या इमारती जपायच्या याची यादी गार्नर यांच्या कार्यालयाने आधीच दिली होती, संग्रहालयाचं नाव त्यात होतं. पहारा बसला तो तेल मंत्रालयावर. संरक्षणमंत्री रम्सफेल्ड पत्रकारांसमोर हसत-हसत विचारतात, टीव्हीवर तीच ती फुलदाणी पुनःपुन्हा दाखवतात, अख्ख्या देशात इतक्या फुलदाण्या आहेत तरी का? समोरचे पत्रकारही हसतात. फर्ग्युसन यावर एक अक्षर बोलत नाही, लगेच फुटलेल्या कपाटांची दृश्यं दाखवतो. एखाद्या संस्थानाचं दप्तर रद्दीच्या भावात गेलेलं ज्याने पाहिलंय, त्याला इथे वेगळं काही सांगावं लागत नाही.

मग मे महिना. पॉल ब्रेमर बगदादला पोचले १२ तारखेला. अरबी येत नाही, त्या प्रदेशाचा अनुभव नाही. १६ मे रोजी पहिला हुकूम: बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकरीबाहेर काढा. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, नोकरीसाठी पक्षात नाव घातलेले हजारो लोक त्यात गेले. २३ मे रोजी दुसरा हुकूम: सैन्य बरखास्त. काही लाख हत्यारबंद, प्रशिक्षित माणसं एका कागदाने बेकार झाली, आणि दारूगोळ्याची कोठारं तशीच उघडी.

इथे कर्नल पॉल ह्यूज यांची मुलाखत माहितीपटाचा कणा ठरते. ते बगदादमध्ये इराकी अधिकाऱ्यांशी रोज बोलत होते. लाखाहून जास्त सैनिकांची नावं नोंदवून झाली होती, थोडे पैसे द्यायचे, शिस्तीत ठेवायचं, कामाला लावायचं असं चाललं होतं. त्यांना न विचारता हुकूम निघाला. दुसऱ्या बाजूला वॉल्टर स्लोकोंब, हुकूम तयार करण्यात ज्यांचा हात होता ते. फर्ग्युसनचा आवाज कॅमेऱ्यामागून येतो: याला विचारलं होतं? त्याला विचारलं होतं? स्लोकोंब वाक्य जुळवत राहतात. फर्ग्युसन थांबतो, आणि तेच पुन्हा विचारतो.

मला हा दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न फार मोलाचा वाटला. याच्याकडे मी परत येतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. एक, बोलणारे बहुतेक अमेरिकन. ज्यांचं शहर लुटलं गेलं ते बगदादकर बहुतेक वेळ पार्श्वभूमीला धावताना, रडताना दिसतात. दोन-चार इराकी बोलतात, पण त्यातही पत्रकार आणि नेतेच. ज्याचा पगार बंद झाला तो हवालदार कुठाय? शेवटाकडचा संतापही एका तरुण अमेरिकन मरीन अधिकाऱ्याचाच. दोन, “नीट योजना केली असती तर” हा सूर इतका लागतो की योजना चांगली असती तर हल्ला योग्य ठरला असता, असं वाटू लागतं. १९९० पासूनच्या निर्बंधांनी तो देश आधीच किती पोखरला होता, तेही निसटतं. तीन, चेनी, रम्सफेल्ड, ब्रेमर यांनी मुलाखती दिल्या नाहीत, त्यामुळे दोषाचा सगळा भार न आलेल्यांवर जातो. जे आले त्यांची बाजू आपोआप उजळ होते. ब्रेमर यांनी नंतर वर्तमानपत्रात लिहिलं की सैन्य आधीच विखुरलं होतं आणि निर्णय वरिष्ठांना कळवलेला होता. फर्ग्युसनने त्यालाही उत्तर दिलं. वाद मिटलेला नाही. पण तो पुराव्यानिशी घालता येतो, कारण चार वर्षांच्या आत माणसांना बसवून, नावानिशी, तारखेनिशी नोंदवून ठेवलं गेलं.

आता कॅसेट.

१९९८ मध्ये मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली तेव्हा मी टेपरेकॉर्डर घेऊन अण्णाआजोबांकडे बसलो होतो. आजोबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं. अण्णांनी सगळं सांगितलं. रझाकारांनी गाव जाळलं, रातोरात गाड्या जुंपून हद्द ओलांडली, बार्शीकडे कसे राहिले, १७ सप्टेंबरची बातमी कशी आली. मग म्हणाले, “परत आलो. पण त्यानंतरचे दिवस गावात फार वाईट गेले बघ.” आणि थांबले. टेपवर मोजून सात-आठ सेकंद फक्त पंख्याचा आवाज आहे. त्यानंतर माझा आवाज: “अण्णा, झेंडा कोणी लावला?”

त्यांनी सांगितलं कोणी लावला ते. वाईट काय झालं, कोणाचं झालं, ते मी विचारलं नाही. २००४ मध्ये अण्णा गेले.

रझाकारांचा जुलूम खरा होता, माझ्या घराने तो भोगलाय. त्यानंतर जे झालं तेही खरं. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असं तिने लिहिलं आणि कारवाईत व त्यानंतर मेलेल्यांचा कमीत कमी अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यात आहेत. आकड्यावर वाद आहेत. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. फौजेची मोहीम पाच दिवसांत संपली होती, सहाव्या दिवशी खेड्यापाड्यांत कोणाचा वचक असेल हे मात्र ठरलेलं नव्हतं.

बगदाद आणि हैदराबाद एका मापाने मोजता येत नाहीत, तसं मी म्हणतही नाही. पण युद्ध जिंकल्याचा दिवस जिकडेतिकडे नोंदला जातो आणि दुसरा दिवस राहून जातो, हे दोन्हीकडे सारखं आहे. आपल्या मंडळाच्या मुलाखतींची यादी मी परवा चाळली. बहुतेक सगळ्या १७ सप्टेंबरला संपतात. प्रश्नावलीच तशी आहे, आणि ती करणाऱ्यांत मी होतो.

तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. काचीगुड्यापासून नांदेडपर्यंत अजून काहीजण आहेत, दोन्ही समाजांत. पुढच्या मुलाखतीला जाताना प्रश्नावलीत एक ओळ वाढवू या: १८ तारखेला काय झालं? समोरचा माणूस थांबला तर झेंड्याकडे वळू नका. थोडा वेळ जाऊ द्या, आणि पुन्हा विचारा.