खानदेशचे गॅझेटियर : देणाऱ्याच्या लेखणीने

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड १८८० साली निघाला. विषय खानदेश. जळगाव-धुळ्याकडील गावाचा इतिहास लिहावयाचा झाला की लेखक प्रथम या खंडाकडे वळतो आणि बहुधा तेथेच थांबतो. आमची तक्रार या थांबण्याविषयी आहे.

ग्रंथ मोलाचा आहे, यात शंका नाही. १८०२ मधील लुटालूट आणि पाठोपाठचा दुष्काळ यांनी उजाड झालेला मुलूख १८१८ नंतर कसा वसविला गेला, हे त्यात तपशिलाने येते. कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. १८१९ मध्ये व्यापाऱ्यांनी तेथे येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनसाऱ्याने देवविल्या. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. जेम्स आउट्रम यांनी भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावास होते. कन्नडच्या बाजूस भिल्लांना जमीन, बियाणे व तगाई देऊन शेतीस बसविण्यात आले.

हे सारे इतके नेटके मांडले आहे की वाचणाऱ्याच्या मनात प्रश्नच उठत नाही. भिल्लांचे वर्णन लोकसंख्येच्या प्रकरणात, जमिनीचे जमीनव्यवस्थेच्या. एकीकडे चालीरीती, दुसरीकडे एकर आणि आकार. जमीन 'दिली', हे जागोजागी आहे. ती देणाऱ्याच्या हाती आली कशी, हे वाक्य लिहिलेच जात नाही. 'ओस' हा शब्दही तपासून घ्यावा. नांगर न लागलेली जमीन महसुली भाषेत ओस. मोहाची फुले वेचणाऱ्याला ती कधीच ओस नव्हती.

अशी लेखणी काही एकट्या खानदेशात चालली नाही. त्याच १८२५ साली मेक्सिकोच्या कोआविला-टेक्सास राज्याने वसाहतीचा कायदा केला. गुरे पाळणाऱ्या कुटुंबास सुमारे ४,४२८ एकर मिळत. स्टीफन ऑस्टिनसारखे ठेकेदार अमेरिकेतून कुटुंबे आणीत. कोमांची लोकांचा मुलूख तेथेही कागदावर मोकळाच होता. वसाहतवाल्याने कॅथलिक असावे, अशी अट होती. पुष्कळांनी ती नावापुरती पाळली. (आपल्या वाचकांना हा तपशील बोचेल, आणि बोचावा. श्रद्धा तेथे जमिनीच्या अर्जातील एक रकाना झाली.) १८३६ मध्ये याच वसाहतवाल्यांच्या बंडाने टेक्सास मेक्सिकोपासून तुटले.

तुलना फार ताणू नये. तेथे परक्यांना आणून बसविले. कन्नडकडे मूळच्या भिल्लालाच नांगराशी बांधावयाचे होते, आणि त्यात काही इंग्रज अधिकाऱ्यांची कळकळ खरी होती. परंतु कागदावर नाव चढलेली जमीन गहाणही पडू शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी तेच घडले. सावकाराच्या वहीतून शेते सधनांकडे गेली. १९७१-७२ मध्ये शहाद्यास अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सहकारी उभे राहिले तेव्हा मागणी नव्या देणगीची नव्हती, गेलेली जमीन परत मिळावी अशी होती. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबारमध्ये आहे. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा.

कॅम्पबेलांच्या खंडाला हे पुढचे ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि तो दोष आम्ही त्यांना देत नाही. आजचा लेखक मात्र त्यांचे 'दिली' जसेच्या तसे मराठीत उतरवितो. त्याने निदान ती दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत, आणि मग तलाठ्याच्या दप्तरातील जुने फेरफार मागावेत.