धातूचे वय आणि घडवणाऱ्याचे नाव

दायमाबादला १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना छबू लक्ष्मण भिल यांना चार ब्राँझशिल्पे सापडली: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या वयावरून विद्वानांत वाद झाला. म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील ठरविली, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून शंका घेतली. हा वाद मला आदर्श वाटतो. वस्तू मातीच्या कोणत्या थरातून आली हे उत्खननात नोंदलेले नसेल, तर शंका लिहून ठेवणे हेच प्रामाणिक संशोधन होय.

माझा प्रश्न असा की एवढी काळजी आमच्या सूरजागडकडच्या पितळी मूर्तीच्या वाट्याला का येत नाही? एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा. या मुलखाच्या पूर्वेला बस्तरचे घडवा, पलीकडे आदिलाबादचे ओझा. दोघेही मेणाच्या साच्यातून ओतकाम करणारे. एका संग्राहकाने वीतभर उंचीचा पितळी घोडेस्वार माझ्यापुढे ठेवला. सूरजागडकडून आणलेला, असे तो म्हणाला. खाली चिठ्ठी: ‘गोंड, प्राचीन’. गोंड म्हणजे पूजणारा की घडवणारा? आणि प्राचीन म्हणजे केव्हाचा? येथे मोहेंजोदडोच्या नर्तिकेचे नाव पुढे केले जाते. तीही मेणाच्याच साच्यातली, म्हणून हाही चार हजार वर्षांचा! चूल जुनी म्हणून आजची भाकरी शिळी ठरत नाही, एवढे साधे तर्कशास्त्र प्रस्थापित कलारसिकांना आदिवासींच्या बाबतीत मात्र सुचत नाही. आदिवासीला इतिहास नसतो, फक्त परंपरा असते, हे गृहीतच त्यामागे आहे.

पारखायचे तर मार्ग आहेत. धातूचे पृथक्करण करता येते; परंतु ओतारी मोडीचे पितळ वितळवतो, त्यामुळे त्यातून फुटक्या तांब्याचे वय कळेल, मूर्तीचे नव्हे. (आमच्या घरात भांड्याचे वय कोणी विचारले नाही. गहाण ठेवल्यावर किती येतील, तेवढेच.) पोकळ मूर्तीच्या पोटात राहिलेली भाजलेली माती अधिक खरे बोलते, ती शेवटची केव्हा तापली, याचा अंदाज प्रयोगशाळेत काढता येतो. हिरवा गंज चिंच, आम्ल आणि ओली माती यांनी महिनाभरात आणता येतो. झीज पाहावी: पूजेतल्या मूर्तीचे नाक-खांदे हाताने गुळगुळीत होतात, खाचांत तेलकाजळी साचते. काथ्याने घासलेली मूर्ती सगळीकडून सारखीच झिजलेली दिसते.

आणि वय ठरविणारा तटस्थ असतो असे थोडेच आहे! १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची वस्तू खाजगी व्यापाऱ्याला परदेशी पाठविता येत नाही. म्हणून तोच घोडेस्वार गिऱ्हाइकापुढे दोनशे वर्षांचा असतो आणि बंदरावर कालचा होतो.

सूरजागडमधून लोहखनिजाचा ट्रक निघतो तेव्हा त्याच्याबरोबर वाहतूक परवाना लागतो. मूर्ती गावातून गेली त्या दिवसाची नोंद कोणी ठेवली? कोणत्या घरातून, कोणत्या साली, कोणत्या कर्जापायी, किती रुपयांना? एटापल्ली-भामरागडच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेआधी हे प्रश्न घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे जावे. माडिया न येणाऱ्यांनी माडिया बोलणारा सोबती घ्यावा, आणि घडवणाऱ्याचे नाव मिळाले तर चिठ्ठीवर तेच पहिले लिहावे.